पंपाची बंदूक, आज्जाचा नेम आणि एक डोळा

आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तेव्हाच वाचा.

गेल्या महिन्यात पुतण्या बेंगळूरहून घरी आला होता. सॉफ्टवेअरमध्ये आहे, सुट्टीत ट्रेकिंग करतो. जेवताना मोबाईल पुढं करून म्हणाला, "काका, ही बघा, पंपाची एअरगन. पॉइंट टू टू. ससाबिसा मारायला बरी आणि कधी जंगलात अडकलोच तर पोटापुरतं होईल. घेऊ काय?"

त्याचा बाप, म्हणजे माझा चुलतभाऊ, समोरच बसला होता. काही बोलला नाही, ताटातला भात कालवत राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तूच सांग त्याला. आता मोठा झालाय." म्हणून लिहितोय, त्याला विचारून, त्याच्या परवानगीनं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, घाटाच्या तोंडाला. पाऊस उदंड. भात, नाचणी, रताळी, मागं काजू आणि फणस. डुक्कर पिकात, माकडं फणसात आणि वटवाघळं चिकूत, असा वर्षभराचा हिशेब. त्यामुळं बंदूक आमच्याकडं हौसेची वस्तू कधीच नव्हती, ती राखणीची होती. आज्जा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत जाऊन आलेले. बेळगावच्या सेंटरवरून नाव कमी करून घरी आले आणि पहिलं काम केलं ते ठासणीच्या बंदुकीचं लायसन काढायचं. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. शिकारीला १९५१ चा मुंबईचा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा लागू होता, म्हणजे बंदुकीचा परवाना वेगळा आणि शिकारीचा वेगळा. आज्जांनी दुसरा कधी काढला नाही. "पिकात आलेल्या डुकराला परवाना विचारतो काय आपण?" असं म्हणायचे.

पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मोर्चे आणि सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहेत, मी बंदुकीपुरतं सांगतो. नूतनीकरणाचे कागद कानडीत यायला लागले. आज्जांना मराठी आणि फौजेतली रोमन उर्दू येत होती, कानडी बोलण्यापुरती. एका वर्षी तारीख चुकली. कचेरीत तीन खेपा झाल्या, चौथ्या खेपेला बंदूक जमा करून घेतली ती कायमची. सीमाभागातल्या गावात अशा कितीतरी ठासण्या त्या काळात गेल्या असतील, त्यांचा हिशेब कुठल्याच ठरावात नाही. हे थोडं विषयांतर झालं, पण आमच्या घरी हवेची बंदूक आली ती या वाटेनं, म्हणून सांगितलं.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मोकळा झाला. त्याआधी कॅसलरॉकला जकातीचं ठाणं होतं, पलीकडचा परदेशी माल चोरूनमारून यायचा. घड्याळं, सेंट, बाटल्या. १९६२ च्या उन्हाळ्यात आज्जा उघड उघड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले आणि येताना एक जुनी जर्मन डायना घेऊन आले. नळी मोडून छर्रा घालायची जात. आम्ही तिला 'मोडायची' म्हणायचो. ठासणीसारखं लायसनचं लफडं तिच्या मागं नव्हतं.

दुसरी आली १९७९ ला. आजीच्या माहेरकडचे एक मामा तारवटी होते, जहाजावर. त्यांनी जपानहून पंपाची बंदूक आणली. नळीखालचा दांडा पुढं ओढायचा, मागं दाबायचा, पुन्हा ओढायचा. मामा म्हणाले, "ही घ्या, ही खरी शिकारीची. ती तुमची मोडायची पोरांना द्या."

इथं थोडं यंत्राबद्दल सांगतो, कारण पुतण्याचा प्रश्न त्याच्याबद्दलच होता.

मोडायच्या बंदुकीत हवा साठलेली नसते. नळी मोडली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो, हवा छर्ऱ्याला ढकलते. सगळं एका झटक्यात. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हातात हलते, एकदा मागं आणि एकदा पुढं. त्यामुळं ती कशी धरली यावर नेम ठरतो. दगडावर घट्ट टेकवली तर नेम जातोच. पण एक गुण मोठा: एकदाच मोडायची, आणि ताकद दर वेळी तेवढीच.

पंपाच्या बंदुकीत हवा आधीच कोंडून ठेवलेली असते. तीन पंप मारा, पाच मारा, आठ मारा, तेवढा दाब. छर्रा सुटताना आत जड काही हलत नाही, म्हणून बंदूक शांत राहते. होल्याला तीन पंप पुरतात, सशाला जास्त लागतात. स्प्रिंग मोडायची भीती नाही. तोटे असे, की पहिला बार चुकला तर दुसऱ्यासाठी पुन्हा खटक-खटक करत बसायचं, तोवर ससा शेजारच्या गावात. प्रत्येक पंप आधीच्यापेक्षा जड जातो. ठरलेल्यापेक्षा जास्त मारले तर ताकद वाढत नाहीच, उलट झडप नीट उघडत नाही. आणि सगळा जीव वॉशरमध्ये. वॉशर सुकला की दाब धरत नाही. म्हणून जाणकार लोक ठेवताना आत एखादा पंप हवा राहू देतात, झडप बसलेली राहावी आणि आत धूळ जाऊ नये म्हणून.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा.

आज्जांनी दोन्ही बंदुका अंगणात मांडून आठवडाभर तपासल्या. लाकडाच्या ओंडक्यावर कोळशानं सशाच्या डोक्याएवढा गोल काढला, पंचवीस पावलांवर. पंपाची जास्त ताकदवान होती, छर्रा लाकडात खोल जायचा. मामा खूश. पण आज्जा ताकद मोजत नव्हते, दहातले किती गोलात बसले ते मोजत होते. शेवटी म्हणाले, "सशाच्या पोटात जोरात लागलेला छर्रा काय कामाचा? तो झुडपात जाऊन मरतो, आपल्याला पण नाही आणि त्याला पण नाही. डोक्यात लागत नसेल तर चाप ओढायचा नाही." गोल डोक्याचे छर्रे नीट जातात, टोकदार छर्रे नुसते दिसायला जहाल, हेही त्यांनी त्याच आठवड्यात ठरवलं. पुढं मोठा झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं, की या धंद्यातले मुरलेले लोकही हेच सांगतात. आज्जांनी काही वाचलं नव्हतं.

आता या पंपाच्या बंदुकीचा इतिहास. मला तो वाचायचं वेड लागलं त्याचं कारण पुढं येईलच.

ऑस्ट्रियात जिरांडोनी नावाच्या कारागिरानं हवेची रायफल बनवली आणि १७८० च्या सुमाराला ती ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतली. खेळणं नव्हे, खरं युद्धाचं हत्यार. दस्ता म्हणजेच लोखंडी हवेची टाकी, बाजूला वीसेक गोळ्यांची नळी. धूर नाही, ठिणगी नाही, पावसात दारू भिजायची काळजी नाही. फक्त टाकी भरायला हातपंपाचे दीड हजारांच्या आसपास दणके मारायला लागायचे. टाक्या गळायच्या, सांधे सुटायचे. काही वर्षांनी सैन्यानं ती बाजूला ठेवली.

त्याच जातीची एक बंदूक अमेरिकेत मेरिवेदर लुईसकडं होती असं बहुतेक अभ्यासक मानतात. लुईस आणि क्लार्क म्हणजे १८०३ ते १८०६ या काळात खंड ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत गेलेल्या मोहिमेचे दोघे म्होरके. वाटेत मूळ रहिवाशांच्या वस्तीत सभा भरली, की लुईस ती बंदूक काढून दाखवायचा. आवाज फारसा नाही, धूर नाही आणि गोळ्यांवर गोळ्या. लोक थक्क व्हायचे. शिकार मात्र ते दारूच्या बंदुकांनी करायचे, हरणं, एल्क, गवे. हवेची बंदूक बहुतांशी रुबाबासाठी.

१८०५ च्या सप्टेंबरात ते बिटररूट डोंगर ओलांडत होते. बर्फ पडलेला, जनावर दिसेना. हाताशी त्या काळातल्या उत्तम बंदुका, नेमबाज माणसं, तरीही उपासमार. बरोबरच्या घोड्यांची शिंगरं मारून खाल्ली. डोंगर उतरल्यावर त्यांना वाचवलं ते नेझ पर्स लोकांनी, वाळवलेला मासा आणि कॅमस नावाचा कंद देऊन. इतके दिवस उपाशी राहून तो कंद पोटभर खाल्ल्यावर सगळे आजारी पडले ते वेगळं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली.

पुतण्या म्हणतो 'पोटापुरतं होईल', म्हणून हा हिशेब. आमच्या घरात तेव्हा अकरा माणसं. आज्जांचा नेम पंचक्रोशीत नावाजलेला. तरी वर्षाकाठी घरात चार-पाच ससे, कधी दोन-तीन रानकोंबड्या, होले आणि लावे थोडेफार. एका सशाचं मटण किती, सोलून-साफ करून किलोभर. अकरा जणांत एकेक तुकडा आणि रस्सा. वर्षातले सहा-सात दिवस, बास. शिवाय सशाच्या अंगाला चरबी जवळजवळ नसते. नुसत्या सशावर माणूस फार दिवस जगत नाही, पोट भरलेलं असूनही खंगत जातो. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या लोकांना हे चांगलं ठाऊक होतं.

१९७२-७३ च्या टंचाईत आमच्याकडं पाऊस तसा बरा होता, पण बाजारात धान्य मिळेना. रेशनला अमेरिकेची लाल मिलो यायची. तेव्हा घर कशावर चाललं हे आजीला विचारलं तर ती बोटं मोडून सांगायची: नाचणीची आंबील, फणसाच्या आठळ्या, करांदे, काटेकणगी, पावसात अळंबी आणि ओढ्यातल्या कुर्ल्या. सशाचं नाव त्यात नसायचं. एकदा मीच म्हणालो, "आजी, आणि आज्जांची बंदूक?" ती हसली. "त्यांची बंदूक म्हणजे त्यांचा तमाशा. बरा होता. पण करांदा उकरायला बंदूक कशाला पायजे रे?"

गावात ससे जास्त मिळायचे ते बंदुकीवाल्यांना नव्हे, फासकी आणि वाघर लावणाऱ्यांना. त्यांना नेम लागत नव्हता, सशाची वाट माहीत असायला लागत होती. हे मी कौतुकानं सांगत नाही. फासकीत अडकलेला ससा रात्रभर ओरडतो, तो आवाज मी ऐकलाय.

अमेरिकेत पंपाची बंदूक सामान्य माणसाच्या हातात आली ती विसाव्या शतकात. सेंट लुईसच्या बेंजामिन कंपनीनं १९०२ पासून ती विकली. नंतर विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात शेरिडन कंपनी निघाली, तिनं पाच मिलिमीटरची वेगळीच नळी काढली. शेतातली खार आणि ससा, एवढाच त्या बंदुकांचा पल्ला. पुढं इंडोनेशियात जपानी पंपाच्या बंदुका गेल्या आणि पश्चिम जावातल्या चिपाचिंग गावात तर घरोघरी कारागीर हवेच्या बंदुका बनवायला लागले. आपल्याकडं पंपाची फार रुजली नाही, इथं मोडायचीच चालली. अहमदाबादला नॅशनल रायफल्सच्या नावानं ती निघायची, आणि तो विभाग इंडियन ह्यूम पाइप कंपनीचा, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेल्या कंपनीचा. पाण्याचे पाइप करणाऱ्यांनी छर्ऱ्याच्या नळ्या करणं तसं रीतीला धरूनच म्हणायचं.

एअरगनचं एक चांगलं उदाहरणही आहे, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. मुंबईत १९०८ च्या सुमाराला एका मुलानं मामानं दिलेल्या एअरगननं एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. एका छर्ऱ्यानं देशाला पक्षीशास्त्रज्ञ दिला. दुसऱ्या एका छर्ऱ्यानं आमच्या घरात काय केलं ते आता सांगतो.

मे १९८१. मी चौदा वर्षांचा. दुपारी पंपाची घेऊन काजूत गेलो. फांदीवर होला बसलेला. सहा पंप मारले, छर्रा घातला, तोवर तो उडाला. थोडा वेळ वाट बघितली आणि परत आलो. मोडायच्या बंदुकीत छर्रा आहे की नाही हे नळी मोडली की दिसतं. पंपाची मात्र भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते, वजनही तेवढंच. पडवीत पोरं गोट्या खेळत होती. मी ऐटीत बंदूक खाली धरली आणि म्हणालो, "सरका, गोळी लागेल." मला खरंच वाटत होतं की रिकामी आहे. आज्जा आत एखादा पंप ठेवायचे ना, तेवढीच हवा असेल, फुस्स करून जाईल. चाप ओढला.

छर्रा जात्याच्या दगडावर आपटला आणि उडाला. चुलतभाऊ नऊ वर्षांचा, गोटीचा नेम धरून खाली वाकलेला. उजवा डोळा.

जांबोटीपर्यंत बैलगाडी, तिथून लाकडाच्या ट्रकनं बेळगाव, तिथून मिरज. डोळा गेला. दुसरा वाचला.

मला कुणी मारलं नाही. आज्जांनी पंपाची पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, मोडायची त्याच आठवड्यात विकली. शाळेत आणि पाहुण्यांत 'विटी लागली' असं सांगायचं ठरलं. चव्वेचाळीस वर्षं तेच सांगत आलो. पुतण्याही तेच ऐकून मोठा झाला.

लुईसच्या रोजनिशीतली मोहिमेची पहिलीच नोंद, ३० ऑगस्ट १८०३, मी कितीदा वाचली असेन. पिट्सबर्गहून होडी निघाली. काही मैलांवर थांबले असताना लोकांनी हवेची बंदूक दाखव म्हटलं. त्यानं सात बार करून दाखवले, मग एकाच्या हातात दिली. त्याला ती कशी हाताळायची माहीत नव्हतं. सुटली. चाळीसेक यार्डांवर उभ्या असलेल्या बाईच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. बाई पडली, रक्त वाहिलं, सगळ्यांना वाटलं गेली. मग कळलं की जखम वरवरची आहे. लुईसनं हे लपवलं नाही, पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

ससा मारायचा हा विषयच संपलाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीचा परवाना होता, १९९१ च्या दुरुस्तीनं तोही काढला. आता सशासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या गावापलीकडं तर २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. तू दाखवलीस ती पॉइंट टू टू. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पॉइंट १७७ पेक्षा मोठी नळी किंवा वीस ज्यूलपेक्षा जास्त ताकद असेल तर लायसन लागतं. म्हणजे आज्जांनी ज्या कटकटीतून सुटायला म्हापसा गाठला, ती तू विकत घेणार. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटरनं गेला तर दहा ज्यूल होतात. पॉइंट १७७ ला तेवढं रग्गड आहे, कागदावर भोक पाडायला आणि डोळा फोडायला. नेम शिकायचा असेल तर दहा मीटरच्या रेंजवर जा. कोल्हापूरच्या मुलींनी त्यात जगात नाव काढलंय. जंगलात अडकायची भीती वाटत असेल तर आधी काटेकणगी ओळखायला शीक, आणि करांद्यातला कडू कुठला तेही. बंदूक पंपाची घे नाहीतर मोडायची घे, नळी कायम भरलेली आहे असं धरून चाल.

हे सगळं मी त्याला त्या रात्री सांगितलं. बापाच्या डोळ्याचंही. तो बराच वेळ गप्प होता. मग बापाला म्हणाला, "तुम्ही काकांशी कधी भांडलासा नाही?" भाऊ म्हणाला, "भांडलो की. रताळ्याच्या बांधावरून."

सकाळी भावानं स्वतः माळ्यावर चढून पोतं काढलं. गंज फारसा नव्हता, दस्त्याला वाळवी लागलेली. त्यानं आधी बंदूक उघडून आत बघितलं, मग नळी अंगणाच्या भिंतीकडं करून पंप मारायला घेतले. एक, दोन. तिसऱ्याला फस्स झालं आणि दांडा सैल पडला.

"वॉशर गेलाय," तो म्हणाला.

पुतण्या म्हणाला, "मिळत असेल की कुठंतरी." भावानं माझ्याकडं बघितलं. मी चहा टाकायला आत गेलो.